परकं ते बाहेर

५ फेब्रुवारी

आज रुजू झालो. जागा छान आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण मला नावं ठेवायची खोड आहे आणि एकदा सुरुवात झाली की चांगलं लिहायचं राहून जातं. खोली वरच्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. एकीतून मुळांचे वाफे दिसतात, दुसरीतून कारखान्याचं अंगण. पलंग कुरकुरत नाही. नळाला गरम पाणी येतं. बसमधून उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि फाटकापर्यंत चालत येताना मला चक्क भूक लागली. बायको गेल्यापासून जेवण हे उरकायचं काम झालं होतं. आज दोनदा वाढून घेतलं.

मालक स्वतः फाटकाशी आले होते. साठीचे असतील, पण कातडी तान्ह्या मुलासारखी. चेहऱ्यावर, हातांवर कुठे एक ओरखडा नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की शेवटची सर्दी कधी झाली होती. गेल्या महिन्यात, असं मी सांगितलं. मी चोरीची कबुली दिल्यासारखा त्यांचा चेहरा पडला.

घरात मालक, त्यांची थोरली विधवा बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात, आणि सून. मुलगा माल विकत गावोगाव फिरतो, क्वचित घरी येतो. माझी बॅग कुणी उचलायची यावरून आक्का आणि कारखान्यातल्या भट्टीवाल्यात थोडी ओढाताण झाली. इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

८ फेब्रुवारी

कामाची पद्धत समजून घेतली. एका औषधी झुडपाची मुळं धुऊन, काप करून मोठ्या हंड्यांत उकळतात. पाणी आटून मधासारखं दाट झालं की त्यात अल्कोहोल ओततात. ओतताक्षणी पांढरे धागे सुटतात, पिंजलेल्या कापसासारखे, आणि एकमेकांना बिलगत वर येतात. हे पॉलिसॅकराइड. ते वाळवून, दळून कॅप्सूलमध्ये भरायचं आणि डब्यावर छापायचं: 'परकं ते बाहेर'. धागे सुटताना बघायला मात्र छान वाटतं. या कारखान्यात बघण्यासारखं तेवढंच.

बाकी सगळं भाषण. मालकांच्या मते शरीर म्हणजे घर, रोग म्हणजे न विचारता घुसलेला पाहुणा, आणि हे मूळ घराच्या रखवालदाराला जागं ठेवतं. हे ते दर जेवणाला सांगतात आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं सांगतात. आक्का दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान डोलावते. मी केमिस्ट आहे. मला ही साखरेच्या कणांची एक लांबलचक माळ दिसते. बटाट्यातला स्टार्चही तशीच माळ, फरक जोडणीचा. पण एका मोठ्या गिऱ्हाइकाने शास्त्रीय अहवाल मागितला आहे, म्हणून मी. यांच्या श्रद्धेवर मी थोडे आकडे भुरभुरायचे.

दुपारी सगळे अंगणात ओळीने उभे राहून मुळांचा काढा पितात. मी डॉक्टरांची मनाई आहे म्हणून कप परत केला. भट्टीवाला म्हणाला की तो इथे लागल्यापासून त्याला एकदाही ताप आलेला नाही. हे तो रोज सांगतो. सांगण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नसावं.

१२ फेब्रुवारी

आज मला दिवाणखान्यातलं काचेचं कपाट दाखवण्यात आलं. तीर्थाला नेल्यासारखं नेलं. आत कापसावर मांडलेल्या वस्तू: एक बाभळीचा काटा, पाटीवरच्या पेन्सिलीचं टोक, मोटारीच्या काचेचे तुकडे, दातांत भरलेलं चांदीसारखं काहीतरी, आणि मधोमध एक स्टीलची पट्टी, स्क्रूंसकट. ही पट्टी अपघातानंतर मालकांच्या नडगीत बसवली होती म्हणे. काढा सुरू केल्यावर ती हळूहळू वर आली आणि एके दिवशी आंघोळ करताना हातात पडली. रक्ताचा थेंब नाही. त्यांनी विजार वर करून नडगी दाखवली. गुळगुळीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात आक्काच्या डोळ्यांत बसवलेली दोन भिंगंही तिथेच आहेत. ती सकाळी उशीवर सापडली. आक्काला तेव्हापासून माणसं धुरकट दिसतात, पण डोळे आता शंभर टक्के आपले आहेत, असं ती म्हणते.

मी 'अरे वा' म्हणालो. अशा ठिकाणी 'अरे वा' पुरतं. इतर कुठल्याही घरातून हा माल भंगारात गेला असता.

१६ फेब्रुवारी

कपाट पाहिल्यापासून एक गोष्ट लिहावीशी वाटते आहे. बोलायला कुणी नाही आणि बोलणारही नाही.

माझ्या पोटात उजव्या बाजूला, खाली, बायकोची किडनी आहे. माझ्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा तिने दिली. मी नको म्हणत होतो, तर म्हणाली की घरातली प्रत्येक वस्तू दोघांत एक आहे, ही कशाला दोन हवी. नंतर काही वर्षांनी ती साध्या तापाने गेली. बसवलेली किडनी कातडीच्या अगदी खाली असते. हात ठेवला की उंचवटा लागतो. मी झोपताना तिथे हात ठेवतो. ती आता बाकी कुठेही नाही. एवढा तुकडा जिवंत आहे आणि मुकाट्याने काम करतो आहे.

तो टिकावा म्हणून सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घ्यायच्या. तो तुकडा परका आहे हे माझ्या शरीराला कळू द्यायचं नाही, एवढंच त्या कॅप्सूलचं काम. कॅप्सूल बंद झाल्या तर शरीर त्याला मारून टाकेल. म्हणून मला काढा चालत नाही. हे त्या कपाटाच्या मालकाला सांगण्यात अर्थ नाही.

२० फेब्रुवारी

सुनेबद्दल. ही मुलगी कॅप्सूल हाताने भरते. अंगठ्याने टोपण उडवते, भुकटीत दाबते, टोपण बसवते, आणि तिचं लक्ष दुसरीकडेच असतं. मशीनलाही असं जमणार नाही. बोलत नाही. आक्का तिच्या वाटचं बोलते. आज चहाच्या वेळी आक्का मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की यांच्या सूनबाई तीनदा गाडीत बसल्या आणि तीनदा तिसऱ्या महिन्याच्या थांब्यावर उतरल्या. मालक हसले. मला कळायला जरा वेळ लागला. मग चहा तसाच ठेवून उठलो.

दुपारी ती माझ्याकडे काचेच्या बाटल्या परत द्यायला आली आणि टेबलावरच्या माझ्या औषधाकडे बोट दाखवून, हे कशाचं, असं विचारलं. हिला काय कळणार, असं मनात म्हणत मी तिच्या सासऱ्याच्याच भाषेत सांगितलं, की हे रखवालदाराला झोपवतं, म्हणजे तो घरातल्या पाहुण्याला हाकलत नाही. पाहुणा कोण, तेही सांगून टाकलं. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने थोडा विचार केला. "आणि पाहुणा अर्धा आपलाच असला तर?"

तरीही हाकलतो, मी म्हणालो. ती गेली. मला प्रश्न बावळटपणाचा वाटला.

२५ फेब्रुवारी

आज प्रयोग. रक्ताच्या थेंबात यीस्ट घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी ते किती गिळतात ते पाहायचं. माझ्या पेशी सरकारी कचेरीत बसल्यासारख्या बसून होत्या. मालकांच्या थेंबात मात्र यीस्टचा मागमूस उरला नाही. मी पुन्हा केलं, तेच. भट्टीवाल्याचा थेंब घेतला, तेच. यीस्ट संपल्यावर त्या पेशी काचेवरच्या धुळीकडे सरकू लागल्या. हे मी याआधी कधी पाहिलेलं नाही, आणि मालकांना सांगितलंही नाही. ते आधीच फुगलेले आहेत, अजून हवा कशाला.

माझा थेंब पाहून त्यांनी मला खांद्यावर थोपटलं. तुमचे शिपाई पेन्शनीत निघालेले दिसतात साहेब, असं म्हणाले.

२ मार्च

तब्येत उत्तम. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. हवा चांगली आहे इथली.

आंघोळ करताना ऑपरेशनचा व्रण सापडला नाही. आरसा लहान आहे आणि माझा चष्मा जुना. पण बोटांनाही लागला नाही.

६ मार्च

अहवालासाठी तुलना हवी म्हणून माझं रक्त पुन्हा काचेवर घेतलं.

सगळं यीस्ट गिळलेलं. एकही कण शिल्लक नाही. आणि पेशी कडेकडेने फिरत होत्या, काहीतरी शोधत असल्यासारख्या.

काच बदलली असेल म्हणून दुसरं बोट टोचलं. तेच.

मी काढ्याचा थेंबही घेतलेला नाही. मी इथे दोन वेळा फक्त माझी कॅप्सूल घेतो. इथवर विचार आला आणि बाटली पुढे ओढली. एक कॅप्सूल उघडून पाण्यात विरघळवली आणि वरून अल्कोहोल ओतलं.

पांढरे धागे सुटले. पिंजलेल्या कापसासारखे. वर आले.

बाटलीतल्या सगळ्या उघडल्या. सगळ्यांत तेच. टोपणं इतकी नीट बसवलेली की शिवण दिसत नाही. या घरात असे हात एकाच व्यक्तीचे आहेत.

७ मार्च

सून कॅप्सूल भरायच्या टेबलाशी एकटी होती. मी बाटली तिच्यासमोर ठेवली. ती घाबरली नाही. हात पुसले आणि उभी राहिली. माझ्या कॅप्सूलमधलं औषध काढून त्याने ती स्वतःच्या कॅप्सूल भरत होती, मी तिला पाहुण्याचं सांगितलं त्यानंतर काही दिवसांपासून. सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच मुळाच्या म्हणून घेत होती. तिला तिसरा महिना उलटून गेला आहे. पहिल्यांदाच.

मी तिला बरंच बोललो. मूर्ख, चोरटी, अडाणी, जे तोंडाला आलं ते. ती माझी बायको आहे, असं काहीतरी म्हणालो, पोटावर हात ठेवून. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमची बाई येऊन गेली," ती म्हणाली. "माझं यायचंय अजून."

उरलेलं औषध परत मागावं, हे मनात होतं. मागितलं नाही. तिनेही दिलं नाही. मला तिची कीव यायला हवी होती. आली ती चीडच. या घराची, या मुळाची, आणि मी ज्याला बावळट म्हणालो त्या प्रश्नाची.

८ मार्च

सकाळी हॉस्पिटलला फोन केला. आजच्या आज निघून या, असं म्हणाले. तरीही शहरातल्या औषधवाल्याला नवीन कॅप्सूल ताबडतोब पाठवायला सांगितलं. मग बॅग भरून फाटकाबाहेर पडलो. बसथांब्यापर्यंत पोचलो नाही. ताप नव्हता, दुखत नव्हतं, पाय जागेवर राहिले इतकंच. घराकडे वळलो की चालत. भट्टीवाल्याने मला मुळांच्या गाड्यावर घालून परत आणलं. वाटेत म्हणाला की तो इथे लागल्यापासून त्याला एकदाही ताप आलेला नाही.

मालकांना सगळं सांगावं लागलं. हॉस्पिटलात पोचवा म्हणून मी हात जोडले. मी आयुष्यात कुणापुढे हात जोडलेले नाहीत, आणि जोडले ते या माणसापुढे. ते माझ्या पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. आनंदाने.

"साहेब, काटा येतो, काच येते, ते कुणीही म्हणेल खोटं. पण हे!" ते म्हणाले. "तुमच्या स्वतःच्या दोन आहेत की आत. झोपल्यात. जागा मोकळी झाली की उठतील."

असली अक्कल. मेलेल्या किडन्या उठतील म्हणे. मी हसलो. एकटाच.

जाताना विश्रांतीसाठी म्हणून फोन घेऊन गेले.

१० मार्च

उंचवटा मोठा झाला आहे. सुजलेला नाही. पुढे आला आहे. काल तळहाताखाली लपत होता, आज लपत नाही.

दुखत नाही. हेच वाईट. दुखलं असतं तर माझं अंग तिच्या बाजूने आहे असं वाटलं असतं.

आक्का पाहून गेली. तिला दिसत नाही म्हणून बोटांनी पाहिलं. आंबा चाचपावा तसं. वर येतंय छान, म्हणाली.

११ मार्च

आज मोकळं वाटतं. खरं सांगायचं तर ती बाई काही मोठी नव्हती. हसताना आवाज करायची. भांडी आपटायची. एक अवयव दिला आणि आयुष्यभर उपकार करून ठेवले, न बोलता, म्हणजे फेडायचीही सोय नाही. दुसऱ्या घरातून आलेलं माणूस ते दुसऱ्या घरचंच राहतं. इतकी वर्षं रात्री हात ठेवून झोपायचो, कशाला? मांसाचा गोळा. परका. गेला तर बरा. भूक चांगली लागते आहे. काढा प्यायलो. गोडसर आहे.

१२ मार्च

कालचं वाचलं.

अक्षर माझं आहे. मी लिहिलेलं नाही — मी तसं कधीच — तिच्या हसण्याला आवाज होता, हो, दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा, म्हणून तर मी दारं उघडी ठेवायचो.

मी यांना हसत होतो. कपाटाला हसत होतो. मूळ किडनीपाशी थांबत नाही. ते तिला सगळीकडून शोधतं आहे. डोक्यातूनही —

आज काढा पिणार नाही.

प्यायलो.

१३ मार्च

दुपारी सून वर आली. पदराखाली पार्सल. मालकांच्या हाती पडायच्या आत तिने फाटकातच घेतलं होतं. तिने ते स्वतःसाठी ठेवलं असतं तर मला कळलंही नसतं. माझ्यासमोर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तुम्ही घ्या, म्हणाली. माझ्याकडची संपत आली, तेही सांगितलं.

घेतली. घशाने कॅप्सूल परत केली. पुन्हा घेतली, पाण्याबरोबर. जीभ तिला बाहेर ढकलते, मी ढकलत नाही. दात आवळून धरले. नाकातून आली.

ती बघत होती. तिचा एक हात पोटावर. माझाही.

पार्सल तिच्याकडे सरकवलं. आजच निघ, म्हटलं. बस पकड. तुझे पाय अजून तुझे आहेत, रखवालदार झोपलेला आहे. यांच्या गावात बाळंत होऊ नकोस.

तिने नवऱ्याचं काय, असं विचारलं. मी म्हणालो तो इथलाच आहे. तिला पटलं असावं. माझ्या पाया पडायला वाकली, मी पाय ओढून घेतले. मला असलं आवडत नाही.

खिडकीतून बस जाताना दिसली. ती दिसली नाही, म्हणजे बसली असेल. बसली असू दे.

१४ मार्च

खाली गडबड आहे. सून सापडत नाही म्हणून नाही. त्याबद्दल आक्का म्हणाली की गेली ब्याद, परकीच ती. सगळे माझ्या दाराशी आहेत. भट्टीवालाही. हात धुऊन आलेत. मालकांच्या हातात पांढरा ट्रे, त्यावर कापूस.

दार ढकलत नाहीत. आतून उघडेल म्हणून थांबलेत. चांगल्या घरची माणसं.

—

कातडी पातळ झाली आहे. खालून रंग दिसतो. तिथे ठोका आहे. तिचाच — नाही, माझाच आहे, पण तिच्यातून —

डाव्या हाताने दाबून धरली आहे. दाबली की आत जाते. सोडली की —

ती म्हणाली होती दोघांत एक. लिहितो म्हणजे राहील. दोघांत एक. कशाला दोन. ती पांढऱ्या चादरीवर, शेजारच्या पलंगावर, माझ्याआधी शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं ते — विचारलं ते —

मालक बाहेरून विचारताहेत, झालं का साहेब.

नाही. सांगा त्यांना नाही.

डावा हात दाबत नाहीये. मी दाब म्हणतो आहे. बोटं कडेने खाली गेलीत. धरलं आहे, पण दाबत नाही, ओढतो आहे — उजव्या हाताने त्याला अडवायला हवं, तर लिहिणं सोडून